सभेत देह, मोबाईलमध्ये मन

आरोग्याच्या सदरात संचालक मंडळाच्या सभेचे काय काम, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. पण आपल्याकडे पतसंस्था, दूध संस्था, विकास सोसायटी, शिक्षण संस्था, देवस्थान ट्रस्ट यांपैकी कशाच्या ना कशाच्या मंडळावर घरातला किंवा भावकीतला एखादा माणूस असतोच. महिन्यातून एकदा तो सभेला जातो, हजेरी पुस्तकात सही करतो, चहा घेतो आणि दोन-तीन तासांनी घरी येतो. त्या वेळात त्याच्या हातात काय असते आणि त्याचा मेंदूवर काय परिणाम होतो, हा वैद्यकीय प्रश्न आहे.

"डॉक्टर, हल्ली काही लक्षात राहत नाही, एखादे टॉनिक द्या," अशी तक्रार घेऊन पन्नाशी-साठीचे रुग्ण माझ्याकडे नेहमी येतात. तपासणी केल्यावर त्यांतल्या बऱ्याच जणांची स्मरणशक्ती ठणठणीत निघते. बिघडलेले असते ते अवधान, म्हणजे लक्ष देण्याची क्रिया. म्हणून आज सभेतल्या मोबाईलविषयी लिहीत आहे.

फोन बदलला, तसा उपद्रवही बदलला

भारतातला पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू कलकत्त्याहून दिल्लीतले केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्या काळी केलेल्या कॉलचे पैसे पडत, तसे आलेल्या कॉलचेही पडत. त्यामुळे फोन वाजला म्हणजे काहीतरी कामाचेच असणार, असे लोक धरून चालत. २००३ पासून येणारे कॉल मोफत झाले. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि फोन बोलण्यापेक्षा पाहण्याची वस्तू झाली.

सभेच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. पूर्वी कोणाचा फोन वाजला की सगळ्यांना ऐकू येई, तो गृहस्थ ओशाळून बाहेर जाई आणि बोलून परत येई. एका माणसाची दोन मिनिटे जात, आणि ती गेल्याचे सर्वांना दिसे. आता फोन मुका असतो. टेबलाखाली, मांडीवर, अजेंड्याच्या कागदाआड तो चालू असतो. अध्यक्षांना वाटते संचालक कागद वाचत आहेत. संचालकालाही वाटते की आपले दोन्हीकडे लक्ष आहे. हा समज कितपत खरा आहे ते पाहू.

मेंदू दोन कामे एकदम करतो का?

घरातली गृहिणी चहा उकळत ठेवून भाजी चिरते आणि शेजारणीशी बोलतेही. मग सभेत बसून एखादा निरोप वाचला तर काय बिघडले, असे कोणी विचारील. भाजी चिरणे हे सवयीने अंगात मुरलेले काम आहे. त्याला विचार लागत नाही, म्हणून मन बोलण्यासाठी मोकळे राहते. कर्जाचा प्रस्ताव ऐकणे आणि फोनवरचा निरोप वाचणे या दोन्ही कामांना मात्र भाषा लागते, अर्थ लावावा लागतो. मेंदूची एकच यंत्रणा दोघांना हवी असते. मग मेंदू आळीपाळीने कधी इकडे तर कधी तिकडे उड्या मारतो. उड्या इतक्या झटपट असतात की आपल्याला दोन्ही कामे एकदम चालू असल्याचा भास होतो.

कॉलिन चेरी या ब्रिटिश संशोधकाने १९५३ साली यावर एक साधा प्रयोग केला. माणसांच्या दोन कानांत दोन वेगवेगळी भाषणे ऐकवली आणि एका कानातले भाषण मोठ्याने म्हणत राहायला सांगितले. नंतर विचारले, तर दुसऱ्या कानात काय बोलले गेले ते त्यांना सांगता येईना. मध्येच भाषा बदलली होती, तेही कळले नव्हते. कान उघडे होते, पण आवाजाचा अर्थ आत पोहोचला नव्हता. १९५९ साली नेव्हिल मोरे यांनी असाच प्रयोग करून दाखवले की लक्ष नसलेल्या कानात स्वतःचे नाव उच्चारले गेले, तर ते काही जणांना ऐकू येते. सभेतला अनुभव आठवून पाहा. मान खाली घालून बसलेले संचालक आपले नाव ऐकताच दचकून वर पाहतात आणि "मंजूर, मंजूर" म्हणतात. नाव कानावर पडते. त्याआधीचा विषय पडलेला नसतो.

डोळ्यांचेही तसेच आहे. १९९९ साली अमेरिकेत सायमन्स आणि शॅब्री या दोघांनी एक चित्रफीत दाखवून प्रेक्षकांना चेंडूच्या फेका मोजायला सांगितल्या. चित्रफितीच्या मध्यावर गोरिलाचा वेश केलेली व्यक्ती खेळाडूंमधून चालत येते, छाती बडवते आणि निघून जाते. मोजण्यात गुंतलेल्या सुमारे निम्म्या लोकांना ती दिसलीच नाही. ताळेबंदातला गोरिला तर इतका मोठाही नसतो. तो एखाद्या आकड्याएवढा असतो.

आणखी एक गोष्ट सभेला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. फोनवरून नजर काढली म्हणजे मनही लगेच परत येते असे नाही. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ साली दाखवून दिले की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलेल्या माणसाचे काही लक्ष पहिल्या कामातच अडकून राहते आणि दुसरे काम कच्चे होते. निरोप वाचायला पाच सेकंद लागतात. "हा पैसे उद्या देतो म्हणतोय, देईल का?" हा विचार त्यानंतर कितीतरी वेळ डोक्यात घोळत असतो. तोवर विषय क्रमांक चार संपून पाच सुरू झालेला असतो. एक ना धड, भाराभर चिंध्या, अशी त्या संध्याकाळची गत होते.

"मला विस्मरणाचा दाखला द्या"

ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एक उदाहरण सांगतो. एका पतसंस्थेचे संचालक, वय ५८, धान्याचे व्यापारी, माझ्याकडे आले. पंधरा दिवस झोप नव्हती. रक्तदाब १६०/१०० होता. संस्थेच्या एका मोठ्या थकीत कर्जाच्या चौकशीची नोटीस त्यांना आली होती. ज्या सभेत ते कर्ज मंजूर झाले, त्या सभेच्या इतिवृत्तात अनुमोदक म्हणून त्यांचे नाव होते.

"डॉक्टरसाहेब, सही माझीच आहे. सभेला मी हजर होतो. पण हा विषय झाल्याचे मला आठवतच नाही. मला विस्मरणाचा आजार झालाय. तुम्ही तसा दाखला द्या, म्हणजे नोटिशीला उत्तर देता येईल."

मी त्यांची तपासणी केली. वार, तारीख, महिना विचारला. तीन शब्द सांगून पाच मिनिटांनी परत विचारले. शंभरातून सात-सात वजा करायला लावले. व्यापारी माणूस, हिशेब माझ्याआधी करून मोकळे झाले. रक्तातील साखर, थायरॉईड आणि बी-१२ जीवनसत्त्वही तपासून घेतले, कारण यांतल्या बिघाडानेही विसरभोळेपणा येऊ शकतो. सर्व ठीक निघाले. मग त्या सभेच्या दिवशीचे काय आठवते, असे विचारले. त्यांनी त्या दिवशीचा सोयाबीनचा भाव सांगितला. सायंकाळी तो किती रुपयांनी उतरला तेही सांगितले. बाजारातल्या मंडळींचे निरोप सभाभर त्यांच्या फोनवर येत होते.

मी त्यांना समजावून सांगितले की जे डोक्यात शिरलेच नाही, ते विसरण्याचा प्रश्न येत नाही. स्मरणाच्या तीन पायऱ्या असतात: ग्रहण करणे, साठवणे आणि पुन्हा आठवणे. विस्मरणाच्या आजारात हळूहळू तिन्ही बिघडतात. या गृहस्थांची पहिलीच पायरी घडली नव्हती, कारण त्या वेळी मेंदू सोयाबीनचा भाव ग्रहण करीत होता. अशा स्थितीचा वैद्यकीय दाखला देता येत नाही, आणि मी तो दिला नाही. रक्तदाबाचे उपचार मात्र सुरू केले.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ८८ प्रमाणे संस्थेच्या नुकसानीची चौकशी होऊन जबाबदारी संबंधितांवर निश्चित करता येते. फोनमध्ये पाहत होतो, हे त्या वेळी उत्तर होऊ शकत नाही.

याच प्रश्नाची दुसरी बाजूही माझ्या दवाखान्यात येते. अशाच अडचणीतल्या एका संस्थेत आयुष्याची पुंजी ठेवलेल्या एक निवृत्त अंगणवाडी सेविका माझ्या जुन्या रुग्ण आहेत. त्यांची साखर एकाएकी वाढू लागली. "मावशी, पथ्य सोडलेत का?" असे विचारले, तर म्हणाल्या, "पथ्य नाही सोडलं डॉक्टर, गोळी अर्धी केली. ठेवीचं व्याज सहा महिने आलं नाही." बँकेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचे ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण असते. ते पतसंस्थेतल्या ठेवीला नाही. तिथे ठेवीदाराची भिस्त सभेत बसलेल्या दहा-पंधरा माणसांच्या लक्षावर असते.

पन्नाशीनंतरचे कान आणि डोळे

मंडळांवर बहुधा पन्नाशी ओलांडलेली मंडळी असतात. या वयात कानाची बारीक, उंच स्वरांची जाण आधी कमी होते. स, श, फ, थ अशी व्यंजने निसटतात आणि जाड आवाज ऐकू येत राहतात. म्हणून असे लोक म्हणतात, "ऐकू येते, पण समजत नाही." डोक्यावर पंखा घरघरत असेल, तर व्यवस्थापकांनी वाचलेले "साठ लाख" हे "आठ लाख" असे ऐकू येणे अशक्य नाही. ही उणीव आपण नकळत डोळ्यांनी भरून काढतो. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे, ओठांकडे पाहतो. मान फोनमध्ये घातली की हा आधार जातो आणि कानाची उणीव उघडी पडते. पुष्कळांना आपली श्रवणशक्ती कमी झाल्याची कल्पनाच नसते. घरात दूरदर्शनचा आवाज मोठा ठेवावा लागत असेल, तर कान तपासून घ्यावेत.

डोळ्यांची तऱ्हाही तशीच. चाळिशीनंतर जवळचे दिसायला चष्मा लागतो. जवळच्या चष्म्यातून फोन स्पष्ट दिसतो, पण समोरच्याचा चेहरा आणि भिंतीवरचा तक्ता धूसर होतो. चष्मा काढा-घाला करण्याचा कंटाळा येतो आणि जे स्पष्ट दिसते तिकडेच नजर राहते. सभेनंतर डोके दुखण्याची तक्रार करणाऱ्यांनी याचाही विचार करावा.

हात आपोआप फोनकडे का जातो?

यात निव्वळ शिस्तीचा अभाव नाही. अचानक आवाज झाला किंवा काही हलले की मान तिकडे वळते. रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह यांनी या प्रतिक्षेपाला "हे काय आहे?" प्रतिक्षेप असे म्हटले होते. जंगलात राहणाऱ्या माणसाला त्याने जीवदान दिले. खिशात थरथरणारा फोन तोच प्रतिक्षेप जागा करतो, आणि तो थोपवणे सोपे नसते.

दुसरे कारण सवयीचे. बक्षीस दरवेळी न देता अधूनमधून, अनियमितपणे दिले तर सवय अधिक पक्की होते, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी कबुतरांवरील प्रयोगांत दाखवले. लॉटरीची ओढ त्यातूनच लागते. फोनवर येणाऱ्या निरोपांपैकी बहुतेक "शुभ सकाळ", लग्नपत्रिका नाहीतर विनोद असतात. एखादाच खरोखर कामाचा असतो. तो कोणता हे उघडल्याशिवाय कळत नाही, म्हणून सगळेच उघडले जातात.

आपण फोन पाहत नाही, तो नुसता थरथरतो, असे म्हणून सुटता येत नाही. २०१५ साली अमेरिकेत फ्लोरिडा येथे झालेल्या प्रयोगात फोन हातात न घेता नुसती सूचना आल्याचे कळले, तरी एकाग्रतेच्या कामातल्या चुका वाढल्या. २०१७ साली टेक्सासमधील संशोधकांना असे आढळले की ज्यांचा फोन दुसऱ्या खोलीत होता, त्यांनी विचाराची कामे समोर फोन ठेवून बसलेल्यांपेक्षा चांगली केली. फोन मुका केलेला असूनही हा फरक दिसला. नंतरच्या सर्वच प्रयोगांत तो तितका आढळला नाही, हे नमूद केले पाहिजे. तरी फोन खोलीबाहेर ठेवण्यात तोटा काहीच नाही.

नेहमीच्या तीन सबबी

"पूर्वी अष्टावधानी होतेच की!" होते, आणि दक्षिणेत आजही आहेत. पण अवधानी एका वेळी एकाच पृच्छकाकडे लक्ष देतो, ते स्मरणात बांधून ठेवतो आणि मग पुढच्याकडे वळतो. त्यामागे वर्षांची साधना असते. शिवाय त्या सभेत भलतेसलते बोलून त्याचे चित्त विचलित करण्यासाठी मुद्दाम एक माणूस बसवलेला असतो. त्याला अप्रस्तुतप्रसंगी म्हणतात. आपण तयारी काहीच न करता तो अप्रस्तुतप्रसंगी खिशात घालून आणतो.

"घरी कोणी आजारी असेल तर?" ही अडचण खरी आहे. मी डॉक्टर आहे. माझा फोन बंद ठेवून चालत नाही. एका शिक्षण संस्थेच्या कार्यकारी मंडळावर मी आहे. तिथे आम्ही सभेपूर्वी सर्व फोन लिपिकाकडे देतो. लिपिक दाराबाहेर बसतो, आणि त्याचा क्रमांक माझ्या कंपाउंडरकडे व इतर सदस्यांच्या घरी दिलेला आहे. तातडीचे काही असेल तर तो चिठ्ठी आणून देतो. चिठ्ठी आली म्हणजे उठायचे, बाहेर जायचे आणि तेवढा वेळ अनुपस्थित म्हणून नोंदवायचे. एका सभेला अशा चिठ्ठ्या एक-दोन येतात, कधी एकही येत नाही. पूर्वी साडेनऊपर्यंत रेंगाळणारी सभा आता बहुधा आठ-सव्वाआठला संपते, कारण तोच विषय दोनदा सांगावा लागत नाही.

"सभेचे कागदच फोनवर येतात." कागद फोनवर यावेत, पण दोन दिवस आधी, म्हणजे घरी वाचून येता येतील. सभेत मात्र छापील प्रत हवी. फोनवर ताळेबंद उघडून बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे त्याच पडद्यावर वरून निरोप टपकत असतात.

काय करावे

१) सभेपूर्वी फोन खोलीबाहेर, एका जबाबदार व्यक्तीकडे ठेवावेत. उलटा ठेवणे किंवा थरथरीवर ठेवणे हा पुरता उपाय नव्हे. मनगटावरच्या स्मार्ट घड्याळालाही हाच नियम लावावा.

२) नियम सर्वांना सारखा असावा आणि सुरुवात अध्यक्षांपासून व्हावी. अध्यक्षांचा फोन टेबलावर असेल, तर इतरांचा पेटीत राहणार नाही. २०१९ साली उत्तर प्रदेशात मंत्रिमंडळाच्या बैठकीत मोबाईल आणण्यास मनाई झाली, तेव्हा ती सर्वच मंत्र्यांना होती.

३) पाऊण तास ते एक तासाने दहा मिनिटांची सुट्टी द्यावी. त्या वेळात फोन पाहावा, लघवीला जाऊन यावे, दोन पावले चालावे. पुढे सुट्टी आहे हे माहीत असले की मन आधी तळमळत नाही.

४) पैशाचे विषय आरंभी घ्यावेत. सत्कार, अभिनंदन शेवटी. तासाभराने कोणाचेही लक्ष मंदावते.

५) रक्कम सांगताना आकडा आणि अक्षर दोन्ही सांगावे, आणि फळ्यावर लिहावे. कमी ऐकू येणाऱ्यांची यात मोठी सोय होते.

६) अनुमोदन देणाऱ्याने ठराव स्वतःच्या शब्दांत एका वाक्यात सांगावा. सांगता आला नाही तर विषय पुन्हा वाचावा.

७) मधुमेही सदस्यांनी सायंकाळच्या सभेला उपाशीपोटी येऊ नये. साखर उतरल्यावर माणूस चिडतो, गोंधळतो, आणि त्याचे खापर फोनवर फुटते.

८) फोन जवळ नसतानाही मन चुकत असेल, नेहमीच्या वाटा, घरच्यांची नावे, व्यवहार विसरायला होत असतील, तर ते वेगळे. अशा वेळी टॉनिक न घेता डॉक्टरांना दाखवावे.

पहिल्या एक-दोन सभांत हात चाळवतील, खिसा थरथरल्याचा भासही होईल. या भासाला घाबरू नये. २०१० साली अमेरिकेतल्या एका रुग्णालयात केलेल्या पाहणीत ६८ टक्के डॉक्टर व कर्मचाऱ्यांनी असा भास होत असल्याचे सांगितले होते. सवय मोडली की तो कमी होतो.

तुमच्या संस्थेची पुढची सभा जवळ आली असेल. अध्यक्षांकडे विषयपत्रिकेत एक ओळ घालण्याचा आग्रह धरा: "सभेच्या वेळी मोबाईल बाहेर ठेवावेत." आणि तुम्ही ठेवीदार सभासद असाल, तर वार्षिक सर्वसाधारण सभेत उठून तसे विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे. तो जरूर वापरा.